डोळा लाल झाला, हे घरात लपवावं का लागतं?

इंदूरच्या एका ताईंचं पत्र आहे. वय ४३. यजमान नोकरी करतात, देवासजवळ घरची थोडी शेती आहे. चार वर्षांपूर्वी सोयाबीन काढताना त्यांच्या उजव्या डोळ्यात कचरा गेला, बुरशीचा संसर्ग झाला. जखम भरली, पण बुबुळावर फूल पडलं आणि नजर गेली. दीड वर्षापूर्वी नेत्ररोपण झालं, नजर परत आली. डॉक्टरांनी स्टिरॉइडचे थेंब दीर्घकाळ चालू ठेवायला सांगितले होते. मध्ये डोळ्यातला दाब वाढला, डॉक्टरांनी औषध बदललं, आणि यजमानांनी घाबरून सगळेच थेंब मनाने बंद करून टाकले. सासूबाई रोज सकाळी गुळवेलीचा काढा देतात. "अंगात ताकद असली की परक्याचा डोळाही अंगी लागतो," असं त्यांचं म्हणणं. गेल्या महिन्यात डोळा लाल झाला, तो यजमानांनी चार दिवस काळ्या चष्म्याआड लपवला. ताईंनी ओढून डॉक्टरांकडे नेलं, तर रिजेक्शनची सुरुवात निघाली. दर तासाला थेंब घालून ती निवळली. आता ताई रात्री टॉर्च घेऊन त्यांचा डोळा तपासतात आणि त्यावरून रोज भांडण होतं. यजमान म्हणतात, "एक डोळा शाबूत आहे ना, दुसऱ्यासाठी जन्मभर थेंब घालत बसू का?" सासूबाई म्हणतात, सुनेनं घराचा दवाखाना केला. ताई विचारतात: त्यांच्या मागे लागणं सोडून देऊ का? पुन्हा रिजेक्शन आलं तर सगळं संपलं का? आणि रंगपंचमी तोंडावर आली आहे, त्यांना गेरला, म्हणजे इंदूरच्या रंगाच्या मिरवणुकीला, जायचंच आहे. काय करू?

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकला तो काळा चष्मा. थेंब बंद करणं मी समजू शकते. दाब वाढला, कुणीतरी 'काचबिंदू' म्हटलं, माणूस घाबरला. पण लाल झालेला डोळा स्वतःच्या बायकोपासून चार दिवस का लपवावासा वाटला असेल? रागावू नका, पण मला वाटतं, त्यांना उत्तर आधीच माहीत होतं. तुम्ही म्हणणार, "सांगितलं होतं ना." डॉक्टर ओरडणार. आई म्हणणार, या औषधांनीच वाटोळं केलं. आणि या सगळ्यापेक्षा मोठी भीती म्हणजे 'रिजेक्शन' हा शब्द. तो आपल्याकडे नोकरीच्या अर्जासारखा ऐकला जातो: नापसंत, विषय संपला. मग माणूस निकाल लांबवायला बघतो.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणून आधी देते, कारण पहिल्याचं उत्तर त्यावरच अवलंबून आहे. रिजेक्शन येणं आणि रोपण वाया जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रिजेक्शन म्हणजे दात्याच्या डोळ्यातून घेऊन बसवलेल्या परक्या पडद्यावर, म्हणजे कॉर्नियावर, शरीराच्या संरक्षक पेशींनी केलेला हल्ला. तो वेळेवर ओळखला आणि जोरात औषध सुरू केलं, तर निम्म्याहून अधिक वेळा परतवता येतो. तुमच्या घरी तेच झालं की! हल्ला परतवायला उशीर झाला तर मात्र नुकसान राहतं, आणि ते का राहतं हे यजमानांनी एकदा नीट समजून घ्यायला हवं. कॉर्निया म्हणजे डोळ्याच्या पुढचा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा पारदर्शक पडदा. त्याच्या सगळ्यात आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो. मोठ्या माणसाच्या निरोगी डोळ्यात त्या दर चौरस मिलिमीटरला साधारण २,५०० असतात. पडद्यात झिरपणारं पाणी सतत बाहेर उपसत राहणं हे त्यांचं काम. त्यामुळेच पडदा काचेसारखा राहतो. या पेशी माणसात पुन्हा तयार होत नाहीत. हल्ल्यात ज्या गेल्या त्या गेल्या. चार दिवस लपवलेल्या डोळ्यात किती गेल्या, हे डॉक्टर एका खास यंत्रावर मोजू शकतात. पुढच्या भेटीत तो आकडा जरूर विचारा. घरातल्या दहा भांडणांपेक्षा तो एक आकडा यजमानांना जास्त पटेल.

आता सासूबाईंचं म्हणणं घेऊ. त्यांना हसू नका. अंगात ताकद असली की बाहेरचं अंगी लागतं, हा आपल्या सगळ्यांच्याच मनात बसलेला हिशेब आहे. सर्दी-तापाला तो काही अंशी चालतोही. इथे मात्र तो बरोबर उलटा पडतो. परका पडदा ओळखून त्याच्यावर तुटून पडणारी हीच ती प्रतिकारशक्ती. ती जितकी तरतरीत, तितका धोका जास्त. म्हणून तर तरुण रुग्णांमध्ये रिजेक्शन म्हाताऱ्या माणसांपेक्षा जास्त दिसतं.

मग प्रश्न पडेल की हा परका पडदा मुळात टिकतोच कसा? मूत्रपिंड बसवलेल्या माणसाला जन्मभर गोळ्या लागतात, डोळ्याला काही थेंबांवर कसं भागतं? १९०५ च्या डिसेंबरात ओलोमोउट्स गावी, म्हणजे आजच्या चेक देशात, एडुआर्ड झिर्म या डॉक्टरांनी माणसाचा कॉर्निया दुसऱ्या माणसाला बसवून पहिल्यांदा यशस्वी करून दाखवला. रुग्ण चुन्यानं डोळे भाजलेला एक मजूर होता. स्टिरॉइडची औषधं यायला तेव्हा चार दशकं अवकाश होता. दोन्ही डोळ्यांवर रोपण केलं. एक वाया गेलं, एक स्वच्छ राहिलं. असं का होतं याचा उलगडा पुढे ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मेडावर यांच्या १९४८ च्या प्रयोगांतून होऊ लागला. त्यांना १९६० मध्ये नोबेल मिळालं ते शरीर परक्या ऊती सहन करायला कसं शिकतं, या कामासाठी. निरोगी कॉर्नियात रक्तवाहिनीच नसते. संरक्षक पेशी रक्तातून येतात आणि इथवर यायला त्यांना वाट नाही. शिवाय डोळ्याच्या आतलं पाणीही प्रतिकार शांत करणारे घटक बाळगून असतं. म्हणूनच कॉर्नियाच्या साध्या रोपणाआधी मूत्रपिंडासारखं पेशी जुळवून बघत नाहीत. अमेरिकेत रिजेक्शनचा धोका जास्त असलेल्या रुग्णांवर मोठा अभ्यास झाला, १९९२ साली त्याचे निष्कर्ष आले. त्यातही तसं जुळवून फायदा दिसला नव्हता. तेव्हा दाता कोण होता, कुठल्या घरचा होता, ही सासूबाईंची हुरहुर (पत्राच्या शेवटी तुम्ही ओझरती लिहिली आहे) मनातून काढून टाकायला हरकत नाही. डोळा अंगी लागणं त्यावर ठरत नाही.

पण तुमच्या यजमानांचा डोळा साधा नाही, आणि इथेच डॉक्टरांच्या सावधपणाचं कारण आहे. बुरशीच्या जखमेनंतर बुबुळात रक्तवाहिन्या शिरलेल्या असण्याची शक्यता बरीच असते. वाट नव्हती तिथे वाट झाली. अशा डोळ्यात, किंवा आधी एकदा रिजेक्शन येऊन गेलेल्या डोळ्यात, दुसऱ्यांदा हल्ला होण्याचा संभव वाढतो. आता त्यांच्या बाबतीत निदान दुसरी गोष्ट तरी खरी आहे. त्यामुळे "दीड वर्ष झालं, आता शरीरानं स्वीकारलं" हे समाधान खोटं आहे. पहिली एक-दोन वर्षं जास्त धोक्याची, हे खरं. पण रोपणानंतर वीस वर्षांनी रिजेक्शन आल्याची उदाहरणंही आहेत.

काढ्याचं काय करायचं? घरी त्यावर लढाई नको. काढ्यात जे काही घालता ते सगळं, पुड्यासकट, पुढच्या भेटीत डॉक्टरांपुढे ठेवा आणि सासूबाईंनाही बरोबर न्या. सुनेनं बंद केलेला काढा ही त्यांच्या मनातली अढी राहील. डॉक्टरांनी समजावलेलं वेगळं पडतं. माझं स्वतःचं मत विचाराल तर, ज्याच्या वेष्टनावर 'प्रतिकारशक्ती वाढवतो' असं लिहिलेलं आहे ते रोपण झालेल्या माणसानं रोज घेऊ नये. गुळवेलीबद्दल तर २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी, ती घेणाऱ्या काही रुग्णांचं यकृत बिघडल्याचं नोंदवलं होतं. आयुष मंत्रालयानं ते मान्य केलं नाही. वाद तज्ज्ञांचा आहे, आपण त्यात कशाला डोळा पणाला लावायचा?

स्टिरॉइडची भीती मी उडवून लावणार नाही. ती बिनबुडाची नाही. या थेंबांनी साधारण दर तिघांत एकाच्या डोळ्यातला दाब कमी-अधिक वाढतो, आणि तो वाढताना बहुतेक वेळा दुखत नाही की खुपत नाही. पुढे काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदू लवकर येऊ शकतो, जंतुसंसर्ग बळावू शकतो. म्हणजे यजमान ज्याला घाबरले ते खरंच आहे; त्यांनी काढलेला मार्ग तेवढा चुकला. दाब वाढला तर डॉक्टरांच्या हातात बरंच काही असतं. दाब कमी वाढवणारं सौम्य स्टिरॉइड देता येतं, थेंबांची संख्या हळूहळू उतरवता येते, दाब उतरवणारे वेगळे थेंब जोडीला देता येतात, धोका जास्त असेल तर सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस या दुसऱ्या जातीच्या औषधांचा विचार होतो. यातलं कुठलं त्यांना चालेल ते मी ठरवणार नाही. पण 'सगळं चालू' आणि 'सगळं बंद' यांच्यामध्ये एवढी जागा आहे हे त्यांना कुणी सांगितलंय का? की गर्दीच्या ओपीडीत चिठ्ठीवर नुसतं नवं नाव लिहून दिलं? तुमच्या पत्रावरून मला ही दुसरी शक्यताच खरी वाटते. अशा वेळी रुग्णानं सरळ विचारावं: माझा दाब किती आहे, किती असायला हवा, हा थेंब कधीपर्यंत, आणि तो थांबवायचा तर कसा उतरवायचा?

"एक डोळा शाबूत आहे" हा युक्तिवाद मला वाटतं त्यांनी तुम्हाला गप्प करायला काढला, पण तो गंभीरपणे घेऊ. प्रौढ माणसाला स्वतःच्या डोळ्याबद्दल ठरवण्याचा हक्क आहे. उद्या त्यांनी सगळं समजून, डॉक्टरांशी बोलून, "मला एवढी औषधं नकोत, धोका मी पत्करतो" असं ठरवलं तर तो त्यांचा निर्णय; तुम्हाला आवडला नाही तरी. फक्त त्यांनी दुसऱ्या बाजूचा हिशेबही मांडावा. रोपण निकामी झालं तर पुन्हा करता येतं, पण प्रत्येक वेळी टिकण्याची शक्यता आधीपेक्षा कमी होते. मळणीत कचरा जायचा तो शाबूत डोळ्यातही जाऊ शकतो. एका डोळ्यानं अंतराचा अंदाज चुकतो. गाडी चालवताना, जिना उतरताना ते जाणवतं. एवढं सांगून थांबा. कुणीतरी मरणोत्तर दिलेला डोळा आहे, त्याची किंमत ठेवा, हे वाक्य तुमच्या ओठावर येईल, मला माहीत आहे. ते गिळून टाका. उपकाराचा चाबूक करून कुणी थेंब घालत नाही, उलट चष्मा आणखी काळा होतो.

आणि ताई, टॉर्च कपाटात ठेवा. टॉर्चच्या उजेडात तुम्हाला लाली दिसेल, पण आतल्या थरावरचा हल्ला दिसणार नाही. त्याला डॉक्टरांचं यंत्र लागतं. सुरुवातीच्या खुणा बहुतेक वेळा ज्याचा डोळा आहे त्यालाच आधी कळतात. म्हणून पहारा त्यांच्याकडे सोपवा. रोज सकाळी दात घासून झाले की चांगला डावा डोळा हातानं झाकायचा आणि उजव्यानं भिंतीवरच्या कालनिर्णयची तारीख त्याच जागेवरून वाचायची. हे फार महत्त्वाचं आहे, कारण एक डोळा चांगला असणाऱ्या माणसाला दुसऱ्याची नजर उतरलेली अनेक दिवस लक्षातच येत नाही. काल स्पष्ट दिसणारी तारीख आज धुकट दिसली, डोळा लाल झाला, उजेड सोसेना, दुखायला लागलं, यातलं एकही असलं तर त्याच दिवशी डॉक्टर. टाके शिल्लक असतील तर आणखी एक: डोळ्यात काहीतरी सतत टोचतंय, चिपडं येतंय, असं वाटलं तर टाका सैल झालेला असू शकतो. सैल टाक्याभोवती रक्तवाहिन्या धरतात, जंतू शिरतात, आणि तिथून रिजेक्शन सुरू होऊ शकतं. तो वेळेवर काढून घेणं हे दोन मिनिटांचं काम असतं.

या यादीच्या बदल्यात घरानं एक वचन द्यायचं. डोळ्याची तक्रार सांगितली की कुणीही "सांगितलं होतं ना" म्हणणार नाही. तुम्हीसुद्धा. हे तुम्हाला जड जाईल.

थेंबांबद्दल थोडं बारकाईनं लिहिते, कारण रोज थेंब घालणाऱ्या घरांतही औषध अर्धंच पोहोचतं. प्रेडनिसोलोन ॲसिटेट हे सर्रास दिलं जाणारं स्टिरॉइड पाण्यात विरघळलेलं नसतं, त्याचे बारीक कण तळाशी बसतात. बाटली नीट हलवली नाही तर वरचं पातळ पाणीच डोळ्यात जातं आणि महिन्याच्या शेवटी तळाचा गाळ. बाटलीवर हलवून वापरा असं छापलेलं असतं, वाचतं कोण! थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा एक-दोन मिनिटं बोटानं दाबून धरला की औषध घशात उतरत नाही. दोन वेगळ्या थेंबांत पाच-एक मिनिटांचं अंतर हवं, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन काढतो. बाटलीचं टोक पापणीला लागू द्यायचं नाही. उघडलेली बाटली महिन्यानं टाकून द्यायची, उरली असली तरी. आणि मे महिन्यात ती स्कूटरच्या डिकीत ठेवून दुपारभर फिरायचं नाही. यजमानांनी मोबाइलमध्ये स्वतःच्या हातानं गजर लावावा. तुमच्या मोबाइलमध्ये नको. नवी बाटली आधीची संपण्याआधी घरात असावी. अनेकांचे थेंब 'बंद केले' नसतात, ते गावी गेल्यावर संपलेले असतात.

डोळा लाल दिसला म्हणून मेडिकलवाल्याला सांगून आणलेला थेंब घालू नका, जुनी बाटलीही काढू नका. रिजेक्शन आणि संसर्ग दोन्हींत डोळा लालच होतो. रिजेक्शनला स्टिरॉइड वाढवावं लागतं, आणि तेच स्टिरॉइड बुरशीला मोकळं रान देतं. ज्यांचा डोळा मुळात बुरशीनंच गेला होता त्यांच्या बाबतीत हा फरक घरी बसून ठरवणं म्हणजे जुगार आहे. शिंगल्स (नागीण), फ्लू, कोविड अशा लशींनंतर रिजेक्शन आल्याच्या तुरळक नोंदी आहेत. म्हणून लस टाळू नये, पण घेण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांना कळवावं. काही जण त्या काळापुरते थेंब वाढवून देतात. टाके काढतानाही तसंच.

तुमच्यासारखंच पत्र धार, खंडवा, बऱ्हाणपूरकडूनही येऊ शकतं, म्हणून त्या वाचकांसाठी: प्रत्येक नेत्ररोपण सारखं नसतं. पूर्ण जाडीचा पडदा बदलला असेल तर वर लिहिलेलं सगळं लागू. फक्त पुढचे थर बदलले असतील तर आतला पेशींचा थर स्वतःचाच राहतो, त्यावर रिजेक्शन येण्याचा प्रश्न उरत नाही. वरच्या थरांवर मात्र येऊ शकतं. उलट फक्त आतला अतिपातळ पापुद्रा बदलण्याची नवी पद्धत वापरली असेल तर रिजेक्शनचं प्रमाण पहिल्या दोन वर्षांत शंभरात एक-दोन इतकं कमी दिसलं आहे. आपलं कुठलं झालं हे डिस्चार्जच्या कागदावर लिहिलेलं असतं. त्या कागदाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, परगावी डोळा लाल झाला तर तिथल्या डॉक्टरांना तोच आधी लागेल.

आता गेर. राजवाड्यावर रंगपंचमीला काय होतं ते इंदूरच्या माणसाला मी काय सांगणार? टँकरमधून रंगाचे फवारे, यंत्रांनी उडवलेला गुलाल, खांद्याला खांदा. पूर्ण जाडीचं रोपण झालेल्या डोळ्याची शिवण कधीच मूळच्या इतकी मजबूत होत नाही. कुणाचं कोपर किंवा पाण्याचा जोरदार फवारा थेट डोळ्यावर बसला तर वर्षांनंतरही ती उसवू शकते. गुलाल तर गॉगलच्या फटीतून जातोच. त्यात महिन्यापूर्वी रिजेक्शन येऊन गेलेलं. यंदा गर्दीत उतरणं मला अजिबात पटत नाही, पण 'घरात बसा' हेही मी सांगणार नाही. इंदूरच्या माणसाला ती शिक्षाच. मिरवणुकीच्या वाटेवर कुणा नातेवाइकाची गच्ची असेल तर तिथून बघू द्या, बाजूनंही बंद असलेला चष्मा लावून, पिचकारीवाल्या पोरांना आधी दम देऊन. शेतावर मळणीच्या दिवसांत आणि दुचाकीवर तो चष्मा कायमचाच.

जाण्याआधी डॉक्टरांना विचारून ठेवा की सुट्टीच्या दिवशी डोळा लाल झाला तर कुणाला फोन करायचा आणि कुठे यायचं. शनिवारी संध्याकाळी लाल झालेला डोळा सोमवारच्या ओपीडीपर्यंत थांबवायचा नसतो. नंबर मिळाला की तो यजमानांच्या मोबाइलमध्ये घाला, आणि एक प्रत सासूबाईंच्या देवघराशेजारी चिकटवा.